बोटुकलीचा आडोसा



स्मृतिव्याख्यानाला भारदस्त विषय घ्यायची आपल्याकडे रीत आहे. लोकशाही, शिक्षण, संतसाहित्य, फार तर पर्यावरण. तळ्यातल्या माशांच्या पिल्लांना लपायला स्वस्तात जागा कशी करून द्यावी, हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तरीही तो पत्रिकेवर जसाच्या तसा छापला, त्याबद्दल त्यांचे आभार.

पुण्याजवळच्या आपल्या मोशीत या विषयाला जागा आहे, आणि ती चांगली खोल आहे. आपल्या दगडखाणी तुम्हाला मी सांगायला नकोत. खडी निघाली, मशिनं दुसरीकडे गेली, खड्डे राहिले आणि त्यांत पाणी साठलं. गणेशोत्सवात मूर्तींचं विसर्जन तिथे होतं, आणि उन्हाळ्यात पोहायला गेलेली मुलं बुडाल्याची बातमीही अधूनमधून येते. ती मुलं का बुडतात आणि त्याच पाण्यात माशाचं पिल्लू का जगत नाही, याचं कारण एकच आहे. खाणीला काठ नसतो. एक पाऊल खडकावर आणि दुसऱ्या पावलाला तळच लागत नाही. ताशीव भिंत सरळ खाली जाते. तिच्यावर गवत नाही, मूळ नाही, गुडघाभर पाण्याची एक वीतही नाही. मोठ्या माशाला त्याचं काही वाटत नाही. पिल्लाला मात्र उथळ, अडगळीचं, अंधारं पाणी लागतं, आणि खाणीत नेमकं तेच नसतं.

आज मला जे सांगायचं आहे ते या काठाबद्दल आहे. आपण तळी करतो, खाणी सोडून देतो, नद्यांना भिंती घालतो आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात आधी काठ पुसतो. तो गेला की पिल्लांसाठी तो हातानं परत मांडावा लागतो. मांडायला खर्च फारसा येत नाही, पण कुठे, किती आणि कधी हे कळावं लागतं.

आधी पिल्लांचा हिशेब पाहू. रोहूची एक किलोची मादी दोन लाखांच्या आसपास अंडी देते. एवढी अंडी द्यावी लागतात, यातच पुढे काय होतं ते आलं. रोहू, कटला, मृगळ हे आपले तिन्ही प्रमुख मासे नदीचे. साठलेल्या पाण्यात ते आपणहून वीत नाहीत. त्यामुळे तळ्यात सोडायचं बीज पूर्वी नदीतून गाळून आणावं लागे, आणि त्यात नको त्या माशांची पिल्लंही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करवून दाखवली. तो दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हापासून बीज विकत मिळू लागलं. सहा-आठ मिलिमीटरचं असतं तेव्हा ते मत्स्यजिरे, इंचभर झालं की मत्स्यबीज, आणि त्याहून मोठं झालं की बोटुकली. ज्यानं पैसे मोजून बोटुकली आणली त्याला एकेका पिल्लाची किंमत ठाऊक असते. पाणकावळ्याला ती ठाऊक नसते.

गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत. वरून खंड्या, काठावरून ढोकरी, पाण्यातून दिवड आणि मरळ. बेडूक तर असतातच. यांतले बरेच जण उघड्या पाण्यातलं पिल्लू दिसलं की टिपतात. दिसलं नाही तर पुढे जातात.

इथे एक गोष्ट आधी सांगतो, कारण उत्साही माणूस नेमका इथेच चुकतो. अगदी लहान जिऱ्याला आडोसा नको. जिऱ्याचा मोठा शत्रू पक्षी नाही, किडा आहे. चतुराची अळी, पाठीवर पोहणारे पाणकिडे, पाणभुंगे हे सगळे अडगळीतच बसतात. म्हणून संगोपनतळं जिरे सोडण्यापूर्वी साफ करतात, पाणवनस्पती काढतात, आणि स्वस्त तेल व साबण यांचं मिश्रण पाण्यावर पसरतात. हेक्टरी छप्पन किलो तेल आणि अठरा किलो साबण, असं त्याचं ठरलेलं प्रमाण आहे. पाण्यावर तवंग येतो आणि श्वासासाठी वर येणारे किडे गुदमरून मरतात. जिऱ्याची बोटुकली झाली, किड्याच्या तोंडात मावेनाशी झाली, की मग आडोसा. त्याआधी घातलात तर तुम्ही पाळणा सापाच्या बिळात बांधला.

आता आपल्या नद्यांकडे वळू. ब्रिटिश अधिकारी विल्यम सायक्स यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली. त्यातला एक महासीर त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. त्याला त्यानं खुद्री हे इथलंच नाव दिलं, आणि शास्त्रीय नावात ते आजही आहे. पुढे 1942 मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर लिहिलं, नंतर इथल्याच महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी. मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी यांच्या माशांची नोंद जवळजवळ दोन शतकं अधूनमधून होत आली आहे. एवढी जुनी नोंद देशातल्या फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आली असेल. देहू-आळंदीच्या डोहांत मासे धरत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. मोशी त्या दोन गावांच्या मधोमध बसली आहे.

इंद्रायणी जिथून निघते त्या लोणावळ्याच्या बाजूला, वळवणला, टाटांच्या वीजकंपनीनं 1970 च्या दशकात याच खुद्री महासीरची हातानं वीण सुरू केली. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही त्या कामातली दोन मोठी नावं. महासीरची फलित अंडी त्यांनी ओल्या कापसात ठेवून विमानानं दूर पाठवून दाखवली. पाण्याच्या पिशव्या नाहीत, प्राणवायूच्या नळ्या नाहीत, फक्त ओला कापूस. महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट का सांगत नाहीत, हे मला कळत नाही.

पण मला त्या केंद्रातली दुसरी एक नोंद जास्त महत्त्वाची वाटते. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं महासीरचं पिल्लू उजेडापासून पळतं. ट्रेमध्ये ती सगळी पिल्लं एका कोपऱ्यात जमतात, डोकी आत खुपसतात, आणि बाहेर फक्त हलणाऱ्या शेपट्या दिसतात. तिथे बगळा नाही, साप नाही, धोका कसलाच नाही. तरी लपतात. नदीत असती तर गोट्यांच्या फटींत डोकं घातलं असतं. ट्रेमध्ये फट नाही म्हणून कोपरा. लपायची जागा ही त्यांच्यासाठी चैनीची गोष्ट नाही, अन्नाइतकीच गरज आहे.

नदीच्या जुन्या काठाला ही जागा आपोआप होती. वाळुंज, करंज, उंबर आणि जांभळाची मुळं पाण्यात लोंबायची. खाली गोटे, वर लव्हाळे, मध्ये पडलेली एखादी फांदी. आता काठाला दगडी पिचिंग करतात किंवा काँक्रीटची भिंत उभी करतात. वरून चालायला छान. खालून पाहणाऱ्या पिल्लाला ती आपली मोशीची खाणच.

शेततळ्याची गतही तीच. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि राज्यभर तळी झाली. त्यांतल्या बऱ्याच तळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तर आहे. आपल्याच प्रदर्शन केंद्रात डिसेंबरात किसान प्रदर्शन भरतं, तिथे हे अस्तर हात लावून पाहता येतं. जाड, काळं, गुळगुळीत. पाणी जिरत नाही, म्हणून ते उत्तमच. पण त्या उतारावर शेवाळाशिवाय काही उगवत नाही. अशा तळ्यात हजार बोटुकल्या सोडणारा शेतकरी पुढच्या महिन्यात बंधाऱ्यावर पाणकावळ्यांची रांग पाहतो. मग डोक्यावर जाळी ताणतो, फटाके लावतो, आणि शेवटी ‘मासे परवडत नाहीत’ म्हणून सोडून देतो.

तर आता करायचं काय ते सांगतो.

मातीचं तळं असेल तर वाळक्या फांद्या घ्या. बाभूळ, पेरू, आंबा, जांभूळ, जे मिळेल ते. पानं झडू द्या. हिरव्या फांद्या पाण्यात टाकल्या की पानं कुजतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. पहाटेच का, तर रात्रभर प्राणवायू तयार होत नाही, फक्त खर्च होतो. मनगटाएवढ्या जाड दोन-तीन फांद्या मधे, पेन्सिलीएवढ्या बारीक बाहेरून, आणि सगळ्यांची काथ्यानं बांधलेली जुडी. बाहेरच्या बाजूला मूठ जाईल एवढी फट चालेल, पण आत बोट जेमतेम जावं. आडोसा म्हणजे फांद्या नव्हेत, त्यांच्यातल्या फटी. सगळ्या फटी मोठ्या ठेवल्यात तर त्या जुडीत मरळ येऊन बसते, आणि मग तो आडोसा पिल्लांचा न राहता तिचा होतो. जुडीला दगड बांधा, दोरीचं दुसरं टोक रिकाम्या पाण्याच्या बाटलीला बांधून ती वर तरंगत ठेवा. तळ्याच्या मधोमध टाकू नका. कमरेएवढ्या पाण्यात, काठाजवळ, दुपारनंतर सावली येते त्या बाजूला टाका.

विषारी झाडं कटाक्षानं टाळा. शेर आणि कण्हेर तर नकोच. सह्याद्रीत रामेठ्याची साल ठेचून पाण्यात टाकतात आणि मासे गुंगवून धरतात, हे जुन्या माणसांना माहीत आहे. अशी फांदी चुकून जुडीत गेली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

बाटली का बांधायची, तर मासे काढायच्या दिवशी जुडी ओढून बाहेर काढता यावी म्हणून. ओढजाळ फांदीत अडकलं की फाटतं, आणि जाळं फाटलेला माणूस पुढच्या वर्षी कुणालाच फांद्या टाकू देत नाही. बांगलादेशात याचीच उलट बाजू वापरतात. तळ्यात बांबू आणि फांद्या रोवून ठेवतात, म्हणजे रात्री चोराला जाळं ओढता येत नाही.

प्लॅस्टिकच्या अस्तरात फांदी घालू नका. टोक लागलं की अस्तर गेलं. तिथे तरंगता आडोसा करायचा, आणि खाणीतही तोच. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचे तीन-तीन फुटांचे चार तुकडे, कोपऱ्यांना चार एल्बो, सोल्युशन लावून हवाबंद केलेली चौकट. पाइप जुना, फटीफुटीचा नको, नाहीतर महिनाभरात पाणी भरून बुडतो. चौकटीवर आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि त्यांना काथ्याच्या दोन-दोन फुटांच्या दोऱ्या खाली सोडायच्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. प्रत्येक दोरीचं खालचं टोक उकलून पिंजून ठेवायचं. काथ्या नवा असेल तर आठवडाभर वेगळ्या पाण्यात भिजवून त्याचा तांबडा रंग उतरू द्या. चौकटीच्या अर्ध्या भागावर बारदान ताणा, म्हणजे खाली सावली पडते आणि वरून खंड्याला दिसत नाही. नांगर म्हणून दगडाऐवजी गोणपाटात बांधलेली वाळू. बस्स. याच्यात नायलॉनच्या जाळीचे तुकडे घालायचा मोह होतो, कारण ते फुकट मिळतात. पण जाळीत पिल्लांचे कल्ले अडकतात आणि दिवडही अडकून मरते. नको.

दोन-तीन आठवड्यांनी त्या दोरीवरून हात फिरवा. बुळबुळीत लागेल. तो थर शैवालाचा आणि बारीक जीवांचा असतो, आणि रोहूसारखे मासे तो खरवडून खातात. बांगलादेशात संशोधकांनी तळ्यांत बांबू रोवून या थरावर मासे वाढवण्याचे पद्धतशीर प्रयोग केले, आणि तिथे नुसत्या तळ्यापेक्षा उत्पादन वाढलेलं दिसलं. म्हणजे लपायची जागा आणि ताट एकाच दोरीवर. तळ्याच्या दहा भागांपैकी एक-दोन भाग आडोशाखाली असले की पुरे. त्याहून जास्त केलंत तर माशांना हिंडायला जागा उरत नाही आणि तुम्हाला मासे दिसत नाहीत.

आपला पट्टा भंगाराचा. चाकण, भोसरी, तळवडे. फुकट किंवा किलोवर काय मिळत नाही? त्यातलं काय घ्यावं, याबद्दल थोडं कडक बोलतो. लाकडी पॅलेट घ्यायचे असतील तर आधी शिक्का पाहा. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो आणि पुढे प्रक्रियेची दोन अक्षरं. एचटी म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते पाण्यात नको. शिक्का बरोबर असूनही ऑइल किंवा कूलंटचा डाग दिसला तर तोही सोडा. रसायनांचे ड्रम कितीही धुतलेले असले तरी नकोत. सिमेंटच्या पाइपचे तुकडे चालतील, पण आधी काही आठवडे पाण्यात मुरू द्या, कारण नवं सिमेंट पाणी अल्कधर्मी करतं. सगळ्यात निर्धोक म्हणजे फुटकं मडकं. कुंभारवाड्यात विचारा.

आणि टायर. टायर टाकावेत असं प्रत्येकालाच सुचतं. भोक तयार, सावली तयार, फुकट. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1970 च्या दशकात माशांसाठी म्हणून समुद्रात सुमारे वीस लाख टायर बुडवले. ते सुटले, लाटांबरोबर हलले आणि शेजारच्या प्रवाळांवर आपटत राहिले. पुढे ते काढायला लष्कराचे पाणबुडे उतरवावे लागले. 2020 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की टायरमधल्या एका रसायनापासून बनणारा पदार्थ कोहो सामन मासे मारतो. रोहूवर त्याचा काय परिणाम होतो, ते आपल्या तळ्यात पाहायची हौस मला नाही.

माशांसाठी फांद्या रोवायची कल्पना फार जुनी आहे. आफ्रिकेत बेनिनच्या खाजणांत कोळी पिढ्यान् पिढ्या झाडोरा रोवतात आणि त्यात मासे वाढवून धरतात. तिथे झाडोऱ्यासाठी आजूबाजूचं जंगल तुटलं, हेही खरं. पण मला जास्त जवळचं उदाहरण विदर्भातलं वाटतं. गोंदिया-भंडाऱ्यातल्या जुन्या मालगुजारी तलावांत बेशरमाची झुडपं माजली होती, पाणवनस्पती नाहीशा झाल्या होत्या आणि देशी मासे कमी होत गेले होते. अर्जुनी मोरगाव परिसरात तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातले लोक यांनी तलावांतली बेशरम उपटली आणि पाण्याखाली वाढणाऱ्या, तरंगत्या पानांच्या आणि काठावरच्या देशी वनस्पती हातानं लावल्या. त्या कामात शालू कोल्हे यांच्यासारख्या ढीवर स्त्रिया पुढे होत्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो आणि कोणता पिल्लं घेऊन फिरतो, हे त्या समाजाला शाळेत न जाता ठाऊक होतं. वनस्पती आल्या, मागोमाग देशी मासे आले. तिथे काठ परत आला म्हणून चौकटीची गरजच उरली नाही. माझी चौकट ही त्या कामापुढे तात्पुरती मलमपट्टी आहे.

कुणीतरी विचारेलच, म्हणून आताच सांगतो. इंद्रायणीत आणि पवनेत एवढी जलपर्णी आहे, तिची मुळं दाट असतात, मग तीच टाकू का? टाकू नका. तिच्या मुळांत पिल्लं लपतात हे खरं, पण तळं झाकलं की पाण्याला हवा आणि उजेड मिळत नाही, आणि एकदा आलेली जलपर्णी जात नाही. ती काढायला महापालिका वर्षानुवर्षं पैसा ओतते आहे.

आणि घरच्या टाकीतले किंवा बागेतल्या हौदातले गप्पी. डासांसाठी ते आरोग्य खात्याकडून मिळतात. गप्पीची मादी थेट पिल्लं देते आणि भूक लागली की तीच खाते. तिथे चौकट नको. काथ्याचा एक झुबका पुरतो. फक्त ते गप्पी हौदातच ठेवा, खाणीत किंवा नदीत सोडू नका. खाणींत चिलापी कुणीतरी सोडलेच आहेत, तेवढे पुरे.

खराब पाणी मात्र कुठल्याही आडोशानं सुधारत नाही. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो तेव्हा त्याखाली महासीरसाठी चौकट बांधणं म्हणजे थट्टा आहे. नदीचं पाणी नदीत येणाऱ्या नाल्यांवर सुधारावं लागेल, आणि ते काम माझ्या काथ्याचं नाही. खाणींतही महापालिकेच्या किंवा मालकाच्या परवानगीशिवाय आणि सुरक्षेशिवाय कुणी उतरू नये. चौकट काठावर उभं राहून दोरीनंही सोडता येते.

शेवटी वेळापत्रक. बोटुकली पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टात मिळते. फांद्या वाळायला आणि पानं झडायला दीड-दोन महिने लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका रस्त्यावरच्या झाडांची छाटणी करते आणि त्या फांद्या कचऱ्यात जातात. ज्यांचं तळं आहे त्यांनी मे महिन्यात उद्यान विभागाकडे एक टेम्पो फांद्या मागाव्यात. आणि नदीकाठाच्या कामाचे नकाशे जेव्हा लोकांपुढे येतील, तेव्हा पिचिंगमध्ये काही ठिकाणी मोकळी माती आणि झाडांची मुळं ठेवा, असं लेखी कळवावं.